मियाँ-बीवीचे कपाट : फळी कापण्याआधी दोघांनाही विचारा

भिंतीत बसवायच्या कपाटाची ऑर्डर आली की आपले कारागीर बंधू भिंतीचे माप घेतात, सनमायक्याचा रंग ठरवतात आणि कामाला लागतात. आत मधोमध उभी फळी टाकून दोन सारखे भाग केले जातात. तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. ऑर्डर एकाने दिलेली असते, कपाट वापरणारे दोघे असतात. दुसऱ्याची गरज नंतर कळली की झालेले काम उकलावे लागते, शेवटचे पैसे अडकतात आणि मजुरीतला नफा त्यातच जातो.

म्हणून आधी दोघांकडून वेगवेगळी यादी घ्यावी. टांगायचे कपडे किती, घडीचे किती, लांब किती? शर्टाला 40 इंच उंची पुरते; शेरवानी, बुरखा किंवा लांब ड्रेसला 60 इंच लागते. शर्ट-पँट वापरणाऱ्याला 7 फुटी कपाटात एकाखाली एक असे दोन रॉड बसतात. लांब कपडे असणाऱ्याला एकच रॉड आणि त्याखाली ड्रॉवर द्यावा. जरीच्या साड्या टांगण्यापेक्षा आडव्या कप्प्यात ठेवणे बरे. त्यांची घडी अधूनमधून बदलता आली पाहिजे. ज्याची उंची 5 फूट, त्याचा रोजचा रॉड 6 फुटांच्या वर नेऊ नये.

हँगर 17 ते 18 इंच रुंद असतो, म्हणून आतली खोली 22 इंच ठेवावी. पल्ले सरकते असतील तर त्यांच्या पट्टीची जागा वेगळी धरावी. 18 मिमी प्लायची फळी 3 फुटांपेक्षा लांब, आधाराविना टाकली तर कपड्यांच्या वजनाने वाकते. काही फळ्या पिनांवर ठेवल्या तर पुढे गरजेनुसार वर-खाली करता येतात.

आवडीचाही प्रश्न येतो. एकाला साधेपणा हवा असतो, दुसऱ्याला नक्षी आणि आरसा. अशा वेळी बाहेरचे पल्ले एकसारखे आणि साधे ठेवावेत. आरसा पल्ल्याच्या आतल्या बाजूस, नक्षीची मूठ किंवा वेगळा रंग ज्याच्या त्याच्या खणात द्यावा. खोलीही शोभते, दोघांचे मनही राखले जाते.

शेवटी आतला नकाशा मापांसह कागदावर काढून दोघांच्या सह्या घ्याव्यात. कापणीनंतर बदल झाल्यास त्याची मजुरी वेगळी, हेही त्यावर लिहावे. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढचा वाद टळतो आणि हिशेब चोख राहतो.