कातळाचं वैभव

मे महिन्यात रत्नागिरीकडचा एखादा सडा, म्हणजे कातळाचं पठार, पाहिलं तर काळपट, भाजून निघालेल्या कातळाखेरीज काही दिसत नाही. 'पडीक' म्हणून लोक पुढे जातात. आणि श्रावणात त्याच कातळावर पाय ठेवायला जागा शोधावी लागते, इतकी फुलं!

हा कातळ जांभ्याचा, आणि जांभा म्हणजे पावसाने युगानुयुगं धुऊन काढलेला खडक. जे विरघळण्याजोगं होतं ते वाहून गेलं, मागे उरलं मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. वर माती जेमतेम, तीही नत्रावाचून उपाशी. मोठ्या झाडाला इथे मूळ धरता येत नाही, म्हणून सावली नाही. आणि सावली नाही म्हणूनच बोटभर उंचीच्या रोपांना सगळं ऊन मिळतं. कुठे फटीत वीतभर माती, कुठे नुसता थर, कुठे पाझरतं पाणी. चार पावलांवर परिस्थिती बदलते आणि तिच्याबरोबर रहिवासीही. पहिल्या पावसासरशी पांढरी दिपकाडी जमिनीतल्या कंदातून वर येते. पाणथळ जागी सीतेची आसवं निळीजांभळी होऊन पसरतात. इतकी नाजूक फुलं, पण मातीत नत्र नाही म्हणून ही वनस्पती शिकार करते! जमिनीखाली तिच्या इवल्या पिशव्या असतात. सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो.

मला सर्वांत थक्क करतात ती कातळावरची डबकी. त्यांत परीसारखे पारदर्शक, उताणे पोहणारे झिंगे सापडतात. डबकं आटलं की झिंगे मरतात, पण त्यांची अंडी वाळक्या गाळात तग धरतात, कधी कधी वर्षानुवर्षं. डबकं बारमाही असतं तर त्यात मासे टिकले असते, आणि माशांपुढे या झिंग्यांचा निभाव लागला नसता. पाणी आटतं, म्हणूनच हा जीव आहे.

म्हणून सड्याला सुपीक करणं हा त्याच्यावरचा मोठा घाला. आंब्याच्या कलमांसाठी कातळ फोडून बाहेरची माती भरली जाते, खत पडतं. तिथे उंच गवत आणि झुडपं माजतात, ऊन अडतं, आणि सीतेच्या आसवांना त्या भरल्या मातीत जागा उरत नाही.