केजीडीबी

केजीडीबी हा लिनक्स या संचालन प्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, दोष शोधण्यासाठी वापरला जाणारा घटक आहे. २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत त्याचा अधिकृत समावेश झाला. तत्पूर्वी अनेक वर्षे तो कर्नलबाहेर, पॅचच्या रूपात सांभाळला गेला. या कामात अमित काळे व पुण्यातील लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज ही कंपनी यांचा महत्त्वाचा वाटा होता. मूळ संहितेच्या आरंभीच्या हक्कनोंदीत ही दोन्ही नावे आहेत.

== कार्यपद्धती ==
कर्नल थांबला की संगणकच थांबतो. त्यामुळे तपासणारा दुसरा संगणक लागतो. दोन्ही सामान्यतः सिरियल केबलने जोडतात व दुसऱ्यावर जीडीबी चालवतात. ज्या जागी थांबायचे तेथील मूळ सूचना जपून ठेवून तिच्या जागी थांबण्याची सूचना लिहिली जाते. एक्स८६ प्रोसेसरवर ती अवघ्या एका बाइटची असते. एक प्रोसेसर तेथे पोहोचला की उरलेल्यांनाही रोखून धरावे लागते. यातील काही भाग प्रोसेसर-कुळानुसार वेगळा लिहावा लागतो.

== साफसफाई व परीक्षण ==
लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नलमधील अशा साधनांना जुना विरोध होता. संहिता नीट समजून घेण्याऐवजी लोक वरवरची डागडुजी करतील, असे त्यांचे मत होते. ते सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही.

२००८च्या आरंभी जेसन वेसेल यांच्या कामावर इंगो मोल्नार यांनी साफसफाई करून ‘केजीडीबी लाइट’ ही आटोपशीर आवृत्ती पुढे आणली. नेटवर्कमार्गे जोडणी मूळ कर्नलमध्ये आली नाही. सिरियल जोडणी राहिली.

अशा साफसफाईचे परीक्षण वाटते त्याहून कठीण असते. नव्या सोयीची चाचणी करता येते. परंतु ‘वर्तन बदललेले नाही’ हे सिद्ध करणे अवघड. परीक्षकाजवळ सर्व प्रकारची यंत्रे नसतात, म्हणून ओळ न् ओळ वाचावी लागते. यासाठीच एका पॅचमध्ये एकच बदल असावा, असा कर्नलचा नियम आहे. शुद्धलेखनाची दुरुस्ती आणि आशयातील बदल एकाच वेळी केल्यास दुसरा नजरेतून निसटतो, तसेच हे. केजीडीबीच्या बाबतीत कळीचा मुद्दा हा की, तो बंद ठेवल्यास उर्वरित कर्नलवर परिणाम होता कामा नये.

== पुढील वाटचाल ==
२०१० साली २.६.३५ या आवृत्तीत केडीबी हा जोडघटक आला. त्यामुळे दुसऱ्या संगणकाविनाही प्राथमिक तपासणी शक्य झाली.