पाठीच्या कण्याची इजा : धोका केवळ पायांपुरता नाही

झाडावरून पडून, विहिरीत कोसळून अथवा वाहनाच्या अपघातात पाठीच्या कण्याला जबर इजा झाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पाय पुन्हा चालतील का?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु रुग्ण किती वर्षे जगेल हे पायांपेक्षा मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि त्वचा यांच्या निगेवर अधिक अवलंबून असते.

मज्जारज्जू हा करंगळीएवढ्या जाडीचा आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा असतो. हातापायांप्रमाणेच मूत्राशय, आतडी, रक्तवाहिन्या आणि श्वसनाचे स्नायू यांनाही मेंदूच्या आज्ञा त्याच्याच मार्गे पोहोचतात. इजा मानेत झाली असल्यास खोकला क्षीण होतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया जडतो. इजेखालच्या भागात वेदना जाणवत नाहीत, ही तर सर्वांत फसवी गोष्ट होय. पोटात आतडे फुटले तरी रुग्ण कण्हत नाही. नितंबावरील कातडी कुजू लागली तरी त्याला पत्ता नसतो.

पहिल्या महायुद्धात असे जखमी झालेले बहुसंख्य सैनिक मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग व शय्याव्रण यांमुळेच दगावले. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, मध्यरात्रीदेखील, रुग्णाची कूस बदलायचीच, असा त्यांचा दंडक होता. उपाय साधा, पण घरातील एकाच बाईवर त्याचा सारा भार टाकला, तर तो किती दिवस निभेल, याचा विचार कुटुंबाने आणि शेजाऱ्यांनीही करावयास हवा. गुटमान यांनी उपचारात खेळांनाही स्थान दिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आलेले महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले.

मूत्राशयाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. निरोगी माणसात मूत्राशय आकुंचन पावताना त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडतो. इजेनंतर हा मेळ अनेकदा बिघडतो : मूत्राशय जोर करते, पण दार बंदच राहते. आतील दाब वाढून मूत्र उलट मूत्रपिंडांकडे चढते आणि कोणतीही वेदना न होता ती निकामी होऊ लागतात. लघवी आपोआप झिरपते म्हणजे मूत्राशय रिकामे होते, हा समज म्हणूनच घातक आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॅक लापिडीस यांनी दाखवून दिले की, स्वच्छ धुतलेल्या हातांनी रुग्णाने स्वतःच ठरावीक वेळाने नळी घालून मूत्र काढले तरी चालते. साधारणपणे दर चार ते सहा तासांनी असे केल्यास नळी कायम ठेवण्यापेक्षा संसर्ग कमी होतो. ही रीत रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच शिकून घ्यावी.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्या रुग्णास एकाएकी असह्य डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली व घाम अशी लक्षणे दिसल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या वाढलेला असू शकतो. बहुधा मूत्राशय तुडुंब भरलेले असते किंवा नळी पिळलेली असते. अशा वेळी रुग्णास आडवे न ठेवता ताबडतोब उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, नळी पाहावी, मूत्राशय रिकामे करावे आणि तरीही आराम न पडल्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.