चिकणमातींत अडकलेलें विष

विहिरीचें पाणी स्वच्छ दिसलें, त्यास वास आला नाहीं व चवहि गोड लागली, म्हणजे तें शुद्ध आहे असें आपण धरून चालतों. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचा हाच समज आहे, आणि त्यांच्या वडील मंडळींचाहि तो नसेल असें नाहीं. हा समज किती फसवा आहे, आणि एकदां बिघडलेली जमीन पुनः सुधारण्यास वीज व सूक्ष्म जंतु यांचें साहाय्य कसें घेतात, हें एका खऱ्या उदाहरणावरून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील केंटकी राज्यांत पड्यूका नांवाच्या शहराजवळ युरेनियमवर प्रक्रिया करणारा एक सरकारी कारखाना १९५२ पासून २०१३ पर्यंत चालू होता. यंत्रांच्या भागांवरील तेलकट मळ काढण्यासाठीं तेथें ट्रायक्लोरोएथिलीन नांवाचें द्रव वापरीत. तें पाण्यासारखेंच रंगहीन असून पाण्याच्या सुमारें दीडपट जड असतें. १९८८ सालीं कारखान्याच्या उत्तरेस राहणाऱ्या लोकांच्या विहिरींत हें द्रव सांपडलें. ज्या पाण्यावर घरचीं मुलें वाढलीं, तेंच पाणी पिणें बंद करावें लागलें, व सरकारास त्या घरांसाठीं नळाच्या पाण्याची सोय करावी लागली.

या द्रवापासून मनुष्यास कर्करोग होतो हें आतां सिद्ध झालें आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें पिण्याच्या एका लिटर पाण्यांत तें ५ मायक्रोग्रॅमहून अधिक असतां कामा नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. विद्यार्थ्यांनीं त्रैराशिक मांडून पाहावें: अवघा एक ग्रॅम द्रव २ लाख लिटर पाण्यास या मर्यादेपर्यंत आणून सोडतो!

यावर कोणी म्हणेल, "मग विहीर उपसून टाकावी, म्हणजे झालें." परंतु खरें दुखणें विहिरींत नसून जमिनींत असतें. वाळूंतून पाणी सहज वाहतें, व त्याबरोबर विषहि उपसून काढतां येतें. चिकणमातीची गोष्ट निराळी. देशावरची काळी जमीन एकदां भिजून फुगली, कीं पाणी खालीं उतरूं देत नाहीं, हें शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको. अशा मातींत विष वर्षानुवर्षें हळूहळू शिरतें, आणि तितक्याच हळूहळू बाहेर पडतें. आज पाणी उपसून शुद्ध केलें, तरी उद्यां त्यांत पुनः थोडें विष उतरलेलेंच असतें.

येथें वीज उपयोगी पडते. तिचें बीज फार जुनें आहे. १८०९ सालीं मॉस्को येथील रॉइस नांवाच्या शास्त्रज्ञानें एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ओल्या चिकणमातींत त्यानें काचेच्या दोन नळ्या उभ्या रोवल्या, त्यांत पाणी भरलें, व विजेच्या घटांच्या दोन तारा त्यांत सोडल्या. कांहीं वेळानें ऋण तारेच्या नळींतील पाणी वर चढलें, व धन तारेच्या नळींतील पाणी मातीच्या कणांनीं गढूळ झालें. याचें कारण असें कीं, चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें त्यांस लागून असलेल्या पाण्यांत धन विद्युद्भाराचे कण गोळा होतात. प्रवाह सुरू होतांच हे कण ऋण टोकाकडे निघतात, व जातां जातां पाण्यासहि ओढून नेतात. दिवसाकाठीं पाणी सरकतें तें एखादा सेंटिमीटर. पण अशा घट्ट मातींत तें स्वतःच्या भारानें जितकें सरकलें असतें, त्याच्या मानानें हें पुष्कळच झालें.

पड्यूकाच्या आवारांत एक खड्डा होता. पोलादी नळकांडीं उंचावरून पाडून पारखण्यापूर्वीं तीं या द्रवांत शुष्क बर्फ घालून थंड करीत. त्या खड्ड्यांतून तें भोंवतालच्या चिकणमातींत झिरपलें होतें. १९९५ सालीं तेथील १५ फूट लांब, १० फूट रुंद व १५ फूट खोल अशा तुकड्यावर प्रयोग झाला. दोन बाजूंस विजेचीं टोकें व मध्यें सक्रिय कोळशाचे उभे पडदे, अशी रचना केली. पाणी सरकूं लागलें, आणि विष त्याबरोबर येऊन कोळशांत अडकलें. १२० दिवसांत ९८ टक्क्यांहून अधिक विष मातींतून निघालें! पुढें कोळशाच्या जागीं लोखंडाचा कीस आला. लोखंड स्वतः गंजतें, परंतु विषांतील क्लोरीन काढून त्यास निरुपद्रवी करितें. १९९९ च्या अखेरीस सुरू झालेलें मोठें काम दोन वर्षें चाललें, व तेथील माती ठरविलेल्या मर्यादेच्या आंत आली. थरांच्या या रचनेस इटलींतील एका थराथराच्या पक्वान्नावरून 'लझान्या' असें नांव पडलें.

आतां जंतूंकडे वळूं. जंतु म्हटला कीं रोग, असें समजणें अन्यायाचें आहे. शहरांतील मैलापाणी शुद्ध करण्याचें बरेंचसें काम जंतूच करितात. हवा फुंकून त्यांस पोसण्याची रीत आर्डर्न व लॉकेट यांनीं १९१४ सालीं मँचेस्टर येथें दाखवून दिली. परंतु आमच्या या क्लोरीनयुक्त विषास पुरा पडणारा जंतु हवेंत जगतच नाहीं. न्यूयॉर्क राज्यांतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनीं मैल्याच्या गाळापासून वाढविलेल्या अशा एका जंतूची माहिती १९९७ सालीं प्रसिद्ध केली. त्याचें नांव डीहॅलोकॉकॉइडिस. आपण श्वासाबरोबर प्राणवायु घेतों, त्या ठिकाणीं हा क्लोरीनचीं संयुगें वापरतो. त्यास हायड्रोजन लागतो. म्हणून जमिनींत मळी किंवा वनस्पतींचें तेल सोडतात. तें आंबून हायड्रोजन निघतो, व त्यावर हा जंतु विषांतील क्लोरीनचे अणु एकामागून एक काढून टाकतो. शेवटीं उरतो तो एथिलीन वायु. अढींत पिकत असलेल्या आंब्यांतूनहि हाच वायु निघत असतो!

मात्र येथें एक धोका आहे. क्लोरीनचे दोन अणु निघून एकच राहिला, म्हणजे व्हिनाइल क्लोराइड होतें, आणि तेंहि कर्करोग उत्पन्न करणारेंच आहे. योग्य जंतु नसले किंवा त्यांचें अन्न मध्येंच संपलें, तर काम या पायरीवर अडून बसतें. म्हणून नुसती मळी ओतून भागत नाहीं. पाणी वरचेवर तपासून काम शेवटास गेलें कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

आतां वीज व जंतु यांची सांगड कशी पडते तें पाहा. चिकणमातींत जंतूंचें अन्न आपण होऊन पोंचत नाहीं. दुधाच्या आम्लापासून होणाऱ्या लॅक्टेट नांवाच्या क्षाराचे कण ऋण विद्युद्भाराचे असतात. प्रवाह सोडला कीं ते धन टोकाकडे चालूं लागतात, आणि वाटेंतील जंतूंस शिधा मिळतो. एकानें शिधा वाहावा व दुसऱ्यानें काम करावें, असा हा प्रकार आहे.

परंतु शिसें किंवा क्रोम यांच्यापुढें जंतूंचा इलाज पुरा चालत नाहीं. तीं मूलद्रव्यें असल्यामुळें त्यांचें रूप पालटतां येतें, पण तीं नाहींशीं करितां येत नाहींत. त्यांस जागचें हलवावयास वीजच हवी. ओल्या मातींत कोळशाच्या दोन कांड्या रोवून त्या लहान बॅटरीस जोडाव्या (घरच्या विजेच्या तारेस मुळींच हात लावूं नये!), म्हणजे ऋण कांडीजवळ हळदीचा कागद तांबडा होतो व धन कांडीजवळ निळा लिटमस तांबडा होतो. अर्थात् एकीकडे अल्क व दुसरीकडे आम्ल उत्पन्न होतें. आम्लानें शिसें मातींतून सुटतें व ऋण टोकाकडे जाऊं लागतें; पण वाटेंत अल्क भेटतांच पुनः थिजून बसतें. त्यासाठीं त्या टोकाचें अल्क मारीत राहावें लागतें.

एका खड्ड्याभोंवतालची माती साफ करण्यास एवढी विद्या, एवढी वीज व दोन वर्षें लागलीं. तीं बिघडविण्यास मात्र कोणतीहि विद्या लागली नव्हती. गाडीचें जळकें तेल, रंगाचें पातळ द्रव, फुटकी बॅटरी या वस्तु परसांत, ओढ्याकांठीं वा विहिरीच्या काठावर टाकतांना आपणहि फारसा विचार करीत नाहीं. वाचकहो, यापुढें तसें करण्यास हात उचलेल तेव्हां एका ग्रॅमाचें तें त्रैराशिक आठवावें, आणि हात आवरावा.