नाण्याची प्रत ठरविणारीं पुस्तकें

एकाच सालीं, एकाच टांकसाळींत पाडलेलीं दोन नाणीं. परंतु एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट असते. हें अंतर बहुधा झिजेचें असतें, आणि झीज ओळखण्यांत चूक झाली म्हणजे भुर्दंड घेणाऱ्यास बसतो. म्हणूनच अमेरिकेंतील जाणता संग्राहक नाण्याआधीं पुस्तक विकत घेतो.

पण कोणतें? १९४६ सालीं निघालेलें येओमन यांचें ‘रेड बुक’ सर्वांच्या हातीं दिसतें. तें मुख्यतः किमतीचें पुस्तक होय. १९४९ सालीं शेल्डन यांनीं १ ते ७० अशी श्रेणी बसविली, ती जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांपुरती. इतर नाण्यांस ती मागाहून लागू झाली. शब्दांनीं वर्णिलेली झीज मात्र डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं. नवख्यास १९७० सालच्या रूडीकृत ‘फोटोग्रेड’मधील छायाचित्रेंच अधिक उपयोगी.

खरी कसोटी मॉर्गन डॉलरची. न्यू ऑर्लिन्स येथील कित्येक डॉलरांवर ठसाच दुबळा उमटला आहे. स्वातंत्र्यदेवीच्या कानावरील केस सपाट दिसतात, आणि नवखा त्यास झीज समजतो. झिजलेल्या उंचवट्यावर रंग पालटतो, चकाकी तुटते. दुबळ्या ठशावर ती सहसा अखंड असते. हा भेद न सांगणारें पुस्तक कितीही सुबक छापलेलें असो, घेऊं नये.

घासलेल्या नाण्यांवर त्यांत प्रकरण आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. घरच्या तांब्याप्रमाणें चिंच लावून लखलखीत केलेलें नाणें संग्राहकाच्या लेखीं बिघडलेलें ठरतें.