तलफ येते, तशी ओसरतेही

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद कारखान्याची शिफ्ट सुटते. गेटबाहेर चहाची टपरी, शेजारी पानाचे दुकान. महिनाभरापूर्वी तंबाखू सोडलेला एखादा कामगार तिथे थांबतो. मित्र तळहातावर चुना लावून तंबाखू मळू लागतो आणि याच्या तोंडाला पाणी सुटते. दिवसभर आठवणही नव्हती!

घरचे म्हणतात, ‘मनच कच्चे.’ प्रत्यक्षात हा मेंदूने पाठ केलेला धडा असतो. निकोटिन सुटल्यावरची चिडचिड, झोपमोड साधारण दोन ते चार आठवड्यांत कमी होते. पण टपरी, चहा, पुडीचा वास यांच्याशी जोडलेली तलफ कित्येक महिने डोके वर काढते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांना ठरावीक आवाजानंतर अन्न मिळे; पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागली. आवाज होत राहिला आणि अन्न मिळेनासे झाले, तेव्हा ती हळूहळू थांबली.

‘एक्स्पोजर थेरपी’ याच तत्त्वावर चालते. समुपदेशकासमोर पुडी हातात घ्यायची, वास घ्यायचा, तोंडात मात्र टाकायची नाही. तलफ किती, हे शून्य ते दहा या मापात सांगायचे. ती चढते, टोकाला जाते आणि बहुधा काही मिनिटांत उतरू लागते. ती उतरेपर्यंत थांबणे महत्त्वाचे. तलफ शिगेला असताना उठून गेल्यास ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढेच मेंदू शिकतो.

मात्र या उपचाराची जाहिरात करण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. कॉन्क्लिन आणि टिफनी या संशोधकांनी 2002 मध्ये तोपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा व्यसनमुक्तीत या पद्धतीच्या परिणामाचा ठोस पुरावा मिळाला नाही. एक कारण असे, की जुना धडा पुसला जात नाही. त्यावर नवा चढतो, आणि तो शिकलेल्या जागेशी बांधलेला असतो. दवाखान्याच्या खोलीत शांत झालेली तलफ टपरीवर पुन्हा उसळते. म्हणून सराव खोलीपुरता ठेवून भागत नाही. आधी टपरीवरून नुसते चालत जायचे, मग सोबतीला कुणी घेऊन चहा प्यायचा, नंतर मळणाऱ्या मित्राशेजारी बसायचे. मित्राला ‘मला देऊ नकोस’ हे आधीच सांगून ठेवावे. समुपदेशन आणि गरज असल्यास निकोटिन गमसारखी औषधे यांच्या जोडीनेच हे करायचे असते. पहिल्याच आठवड्यात टपरीवर जाऊन छाती काढण्यात अर्थ नाही. तेव्हा वाट बदललेलीच बरी.

दारूच्या बाबतीत हा प्रयोग घरी करूच नये. रोज भरपूर पिणाऱ्याने ती अचानक बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवायची, बाकीचे नंतर.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले, त्यांतले बहुतेक खाणारे. सोडायची इच्छा असलेल्यांसाठी 1800-11-2356 ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. फोन लावताना कोणत्या वेळी, कुठे आणि कुणासोबत तलफ येते याची चार दिवसांची नोंद हाताशी असली, तर सरावाची सुरुवात कुठून करायची हे लगेच ठरवता येते.