परमुलखातल्या पोरांसाठी उघडलेले दार

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडची विमाने रात्री जर्मनीवर बॉम्ब टाकायला निघत. वाटेत बेल्जियम आणि हॉलंड लागे. तोफांच्या माऱ्यात विमान पडले, की वाचलेला वैमानिक हवाई छत्रीने उतरे तो पुष्कळदा कोणाच्या तरी शेतातच. देश परका, भाषा कळेना आणि सारा मुलूख जर्मनांच्या ताब्यात. जवळ दिसेल त्या घराचे दार ठोठावण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

पण ते दार उघडणे सोपे नव्हते. वैमानिक सापडला, तर तो युद्धकैदी होई. बहुधा जीव तरी वाचे. आसरा देणाऱ्याला मात्र क्षमा नव्हती. १९४१ साली फ्रान्समध्ये जर्मनांनी जाहीरनामाच लावला होता : मदत करणाऱ्या पुरुषाला गोळ्या आणि बाईला छळछावणी.

तरीही माणसे पुढे आली. ब्रुसेल्सची आंद्रे द याँग तेव्हा अवघी २४ वर्षांची. तिला सारे देदे म्हणत. ऑगस्ट १९४१ मध्ये एका ब्रिटिश सैनिकाला आणि दोन बेल्जियन तरुणांना घेऊन, पिरेनीज पर्वत ओलांडून ती स्पेनमधील बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत जाऊन उभी राहिली. तिथल्या साहेबांना आधी खरेच वाटेना. तिने मागितला तो केवळ वाटखर्च. पुढे या गुप्त वाटेला ‘कॉमेट’ हे नाव पडले.

ब्रुसेल्स ते पॅरिस, तिथून दक्षिणेला सरहद्दीपर्यंत आगगाडी. खिशात खोटी ओळखपत्रे, आणि तोंड उघडायची सक्त मनाई. शेवटचा मुक्काम उर्रून गावाजवळच्या बिदेगाइन बेर्री या शेतघरी. घरधनीण फ्रांचिया उसांदिसागा ही बास्क विधवा, पदरी तीन लेकरे. थकलेल्या पाहुण्यांना ती खाऊपिऊ घाली. बूट काढून ते दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे घालीत, म्हणजे पावलांचा आवाज होत नसे. अंधार पडला, की फ्लोरेंतिनो गोइकोएचेआ हा वाटाड्या पुढे होई. चोरट्या व्यापारात मुरलेल्या त्या गड्याला डोंगरातली पायवाट न् पायवाट पाठ होती. रात्रभर चालून, बिदासोआ नदी उतरून मंडळी स्पेनच्या हद्दीत शिरत. तिथून ब्रिटिश वकिलातीची माणसे त्यांना जिब्राल्टरला पोचवीत.

१५ जानेवारी १९४३ रोजी घात झाला. पावसाने नदी फुगली होती, म्हणून देदे तीन वैमानिकांसह फ्रांचियाच्या घरीच थांबली. कोणीतरी चुगली केली आणि शिपायांनी घराला वेढा घातला. सगळे पकडले गेले. या वाटेची म्होरकी आपणच, असे देदेने चौकशीत कबूल केले. पण एवढीशी पोर हे काम चालवते, यावर जर्मनांचा विश्वास बसेना! ती छावणीतून जिवंत परतली. पुढे आफ्रिकेत तिने कुष्ठरोग्यांची शुश्रूषा केली आणि २००७ साली तिचे निधन झाले. तिचे वडील, पेशाने शिक्षक, तेही याच कामात होते. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांना गोळ्या घातल्या.

फ्रांचिया परतली नाही. एप्रिल १९४५ मध्ये, सुटका अगदी तोंडावर आली असताना, राव्हेन्सब्र्युकच्या छावणीत तिने प्राण सोडला.

वाट मात्र बंद पडली नाही. १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत अडीचशेहून अधिक वैमानिक तिने सुखरूप पार झाले. फ्रांचियापाशी शस्त्र नव्हते, सत्ता नव्हती. होती ती चूल, दोन घास आणि दाराची कडी. ती कडी तिने परक्यांच्या लेकरांसाठी काढली, आणि त्याचे मोल तिच्या स्वतःच्या लेकरांनी मोजले. एवढे आपण विसरू नये.